वधूपक्षाच्या खोलीतलं गडगनेर

लातूर जिल्हा नवा झाला त्या काळात गावात रिकामी खोली दिसली की तिच्यावर सरकारी पाटी लागायची. जिल्हा झाला म्हटल्यावर सगळी कार्यालयं आली, कार्यालयांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर टेबलं आली, पण इमारती कुठून येणार? मग कुणी शाळेचे वर्ग घेतले, कुणी गोदाम घेतलं, कुणी डॉक्टरचा बंद पडलेला दवाखाना घेतला. माझी नेमणूक ज्या कार्यालयात झाली ते तर सरळ एका मंगल कार्यालयात भरायचं. लग्नाच्या हॉलमध्ये असतात तितके पंखे, आणि पंख्यांखाली आमची टेबलं. साहेब बसायचे ते व्यासपीठावर, जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवत तिथं. बिचाऱ्यांना सवय होईना. कुणी नमस्कार केला की दचकायचे.

मालक लिंगायत आडत व्यापारी. त्यानं कार्यालय सरकारला भाड्यानं दिलं त्यामागं देशसेवा वगैरे काही नव्हती. दुष्काळ होता. मागच्या अंगणातली विहीर तळाला गेली होती आणि पाण्याशिवाय लग्नाची पंगत उठत नाही. वऱ्हाडी पाणी पितात, हात धुतात, आंघोळीला गरम पाणी मागतात. सरकारला यातलं काही लागत नाही. एक माठ भरून ठेवला की दिवसभर कारभार चालतो. माणूस हिशेबाला पक्का होता.

हॉलच्या दोन बाजूंना दोन खोल्या होत्या. दारांवर जाड अक्षरांत रंगवलेलं होतं, एकीवर ‘वधूपक्ष’ आणि दुसरीवर ‘वरपक्ष’. ते पुसायचं कुणाच्या टेबलावर येतं हे न ठरल्यामुळे ते तसंच राहिलं. वधूपक्षात आमची आस्थापना शाखा बसायची, वरपक्षात लेखा शाखा. बाहेरगावचा माणूस कागद घेऊन आला की शिपाई त्याला सांगायचा, ‘आधी वधूपक्षात सही घ्या, मंग वरपक्षात जावा.’ आणि वरपक्षात गेलेली फाईल, लग्नात वरपक्ष बसतो तशीच, अडून बसायची.

मी नांदेडची. नदीकाठी वाढलेली, म्हणून लातुरात सगळे मला पाण्याची उधळी म्हणत. खोलीवर घरमालकीण दर माणशी पाणी मोजून द्यायची आणि मी तोंड धुताना दारात उभी राहायची. ‘बाई, ही गोदावरी न्हाई,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून नळ सोडला की कानात वाजतं. माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आता निवळला असं मी म्हणते, घरचे म्हणत नाहीत.

त्या खोलीत माझ्याबरोबर ताई राहायची. ती माझी बहीण नव्हे. आमच्याच शाखेत माझ्याहून वरच्या जागेवर होती, वयानं बरीच मोठी, म्हणून ताई. तिशी उलटून गेलेली, अंगानं सडपातळ, बोलणं मोजकं. नायगावहून येऊन तिनं नोकरी धरली होती आणि दर महिन्याला आईला पैसे पाठवत होती. कार्यालयात कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की ताई पुढं. कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, सगळीकडे हिचा हात. आणि त्या वर्षी एकदाचं तिचंच लग्न ठरलं. मुलगा हिमायतनगरकडचा, शाळेत मास्तर. एकदाच येऊन गेला, पण जाताना आमच्या घरमालकिणीला न सांगता तिची बादली टँकरपासून दारापर्यंत उचलून ठेवून गेला. त्यावरून आम्ही त्याला पास केला.

लग्नाआधी नवरीला आप्तेष्ट एकेक करून जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. पुण्याकडे त्याला केळवण म्हणतात, आमच्याकडे गडगनेर. ताईनं दुसऱ्यांची इतकी गडगनेरं वाढली होती की तिचं आपल्याला करायलाच हवं, हे मी लगेच ठरवून टाकलं. तिला विचारलंच नाही. संध्याकाळी खोलीवर तिला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मी कुणाकडंच गडगनेराला जाईना. मामीनं बोलावलं होतं, तिला पण न्हाई म्हटले.’

‘का गं?’

‘माझ्या आईला मागं बसवतेत.’

मग तिनं सांगितलं ते असं. ती तिसरीत असताना तिचे वडील कामाला म्हणून निजामाबादकडे गेले ते परत आले नाहीत. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याची नाही. आई भावाच्या आसऱ्याला नायगावला राहिली, शेतात राबली, हिला शिकवलं. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. पण नातेवाइकांना काही ठरवता येईना. सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठंय? विधवा म्हणावं तर कुणी पाहिलंय? असं कुंपणावर ठेवलेलं माणूस मग कुणीच आत घेत नाही. हळदीकुंकवाचं ताट फिरलं की तिच्यापाशी येऊन हळूच पुढं सरकायचं. ओटी भरायला सगळ्या बाया उठायच्या तेव्हा ती चुलीकडे काहीतरी बघायला जायची.

‘जिथं माझी आई पहिल्यांदा ओटी भरंल, तिथंच मी जेवीन,’ ताई म्हणाली. ‘न्हाई तर तसंच लगीन लागू दे.’

मला इतका राग आला की भाकरी जळाल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. राग नेमका कुणावर, ते कळत नव्हतं. त्या मामीवर, त्या वडिलांवर, की सरकत जाणाऱ्या त्या ताटावर. पण एक गोष्ट लखलखीत कळली. हे कुणाच्या घरी होणार नाही. घर म्हटलं की त्या घराची सासू आली, तिची रीत आली. आपल्याला अशी जागा पाहिजे जी कुणाचंच घर नाही.

जागा शोधायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं, त्यात काय मोठं, पंधरा-वीस बाया, एक जेवण. आमच्या खोलीचा प्रश्नच नव्हता. घरमालकिणीनं ऐकल्या ऐकल्या विचारलं, ‘आन् हात कशानं धुनार? मातीनं?’ चालू असलेल्या एका मंगल कार्यालयात गेले तर त्याचा मॅनेजर म्हणाला, ‘हॉल घ्या, पन टँकर तुमचा.’ टँकरसकट आकडा ऐकला आणि मी त्याला सांगितलं की माझ्या स्वतःच्या लग्नाला सुद्धा मी इथं येणार नाही. तो म्हणाला, येऊ नका.

गंजगोलाईजवळच्या एका हॉटेलात फॅमिली रूम होती. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या दोन फळ्या. मालक भला होता, ताटाचा दर कमी करायलाही तयार झाला. पण ओटी भरायची म्हटल्यावर गोंधळला. ‘बाई, नारळ फोडायचा असंल तर बाहेर जाऊन फोडा, गिऱ्हाईक भेतंय.’ मी त्याला ओटीतला नारळ फोडत नसतात हे समजावू लागले, तेवढ्यात पलीकडच्या फळीमागून कुणीतरी मिसळ परत मागितली. ताईच्या आईला तिथं बसवावं असं मला वाटेना.

देवळाच्या धर्मशाळेत जागा फुकट होती. पुजारीबुवांनी प्रेमानं चौकशी केली. कार्य कुणाचं, मुलगी कुठली, आणि यजमान जोडपं कोण? ‘पाटावर कोणी जोडीनं बसणारं लागतं ना. आईवडील येणार असतील की.’ मी म्हटलं, येतील, आणि मागं न बघता बाहेर आले. भर उन्हात चालताना डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच एक पाणी त्या वर्षी मोजावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर हनुवटी टेकून बसले होते. दारातून शिपाई कुणाला तरी ओरडून सांगत होता, ‘नवीन आलेलं सगळं वधूपक्षात ठेवा!’ मी वर बघितलं. भिंतीला आरसा होता, नवरीसाठी लावलेला, ज्याच्यात आता आमची रॅकं दिसत. खुंट्या होत्या. कोपऱ्यात मोरीला दगडी उंबरा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. गावभर हिंडले, आणि रोज दहा ते पाच बसत होते कुठं, तर नवरीच्या खोलीत!

साहेब मवाळ माणूस. मी सगळं सांगितलं, फक्त ताईच्या आईची गोष्ट सोडून. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, ‘रविवारी कार्यालय बंद असतं. बंद कार्यालयात काय होतं ते मला माहीत नसतं. सोमवारी रॅकं जागच्या जागी असावीत.’ मी थँक्यू म्हटलं तर म्हणाले, ‘कशाबद्दल?’

मागचं स्वयंपाकघर मात्र मालकानं आपल्याच कुलपात ठेवलं होतं. किल्ली मागायला त्याच्या घरी गेले. तो पेढीवर होता. दारात त्याची बायको आली. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. उंच, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. तिनं मला उभ्या उभ्या विचारलं, किती बाया, कोनाची पोर, जात कोनती, पगार किती, आन् तुझं लगीन कामून झालं न्हाई. सगळ्याची उत्तरं घेतल्यावर किल्ली दिली.

‘भाडं नको. पन पानी मागायचं न्हाई. आन् मी येनार हाय बगायला. मागच्या टायमाला लग्नवाल्यांनी भिंतीला खिळे ठोकून ठेवलते.’

कुणाचीच सासू नसलेली जागा शोधली, आणि आता सगळ्या गावाची सासू तिथं येणार होती.

पाण्यावर तोड मी काढली होती. कार्यालयातल्या प्रत्येकीला सांगितलं, आहेर आणू नका, एकेक कळशी पाणी आणा. सगळ्या हो म्हणाल्या. आणि रविवारी सगळ्या आल्याही, कमरेवर कळशी घेऊन, डोक्यावर पदर घेऊन. पण मराठवाड्यातली बाई ओटीच्या कार्याला नुसतं पाणी घेऊन कशी येईल? कळशीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आत सुपारी, पैसा, कुंकवात भिजवलेल्या अक्षता. वर पानं, पानांवर नारळ. एकीनं आणलं, तिचं बघून दुसरीनं आपल्या कळशीत वाटेत अक्षता टाकल्या. वधूपक्षाच्या दारात कलशांची रांग लागली. एवढं पुजलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, आणि स्वयंपाकाला तांब्याभर पाणी नव्हतं. चुली पेटलेल्या, डाळ धुतलेलीसुद्धा नाही.

‘अगं पाणी आणा म्हटलं होतं, पूजा नाही!’ मी ओरडले.

‘मंग काय रिकाम्या हातानं यावं का?’ लेखा शाखेतली बाई म्हणाली. ‘आन् आता पुजलेलं पानी डाळीला कसं घालायचं?’ सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

ताईची आई आदल्या दिवशी एसटीनं आली होती. बारीक, काटक, ताईसारखीच कमी बोलणारी. आल्यापासून ती स्वयंपाकघरात होती आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हती. ‘मी करते सगळं, तुमी बसा तिकडं,’ एवढंच म्हणायची. ताई नवी साडी नेसून वधूपक्षात पाटावर बसली होती, आणि दर थोड्या वेळानं तिची नजर दाराकडे जात होती.

तेवढ्यात अक्का आली. आधी तिनं भिंती बघितल्या. मग कलश बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

‘हे काय? लगीन लावायलाव का घट बसवायलाव?’

मी रडकुंडीला येऊन सांगितलं. अक्का हसली नाही. खाली बसली, पहिला नारळ उचलून बाजूला ठेवला, पानं काढली, कळशीत हात घालून सुपारी आणि पैसा बाहेर काढला. ‘पुजलं म्हंजी काय इख झालं का? धोतराचं फडकं आना, गाळून घ्या. वरन पिवळंच असतंय.’

‘आन् भात?’ कुणीतरी म्हणालं.

‘भात गुलाबी हुईल. पोरीचं गडगनेर हाय, गुलाबी झाला तर कोन मरंल?’

मग सगळ्यांचे हात चालू लागले. कुणी गाळायला, कुणी डाळ शिजवायला, हसणं सुरू झालं. पाणी पुरलं, उरलं. भात खरंच गुलाबी झाला.

ओटीची वेळ आली. ताट तयार होतं, खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. मी बिनलग्नाची, माझ्या हातात नुसता कारभार. बायांनी विचारलं, पहिली कोण? ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘आई.’ आवाज मला हवा होता तेवढा मोठा निघाला नाही. लेखा शाखेतली बाई पटकन खाली बघू लागली. तिला माहीत होतं. तिच्या शेजारच्या दोघींना पण माहीत होतं. गाव आम्हाला नवं असलं तरी असल्या गोष्टी एसटीच्या आधी पोचतात.

अक्कानं हाक मारली, ‘कुठं हाय पोरीची माय?’

आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पदराला पुसत. ‘तुमी भरा की. माझं मागून बगू.’

‘कामून?’

आई परत हात पुसू लागली. अक्कानं विचारलंच. तिला विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. ‘तुमचे मालक?’

‘गेलेत निजामाबादकडं. ही तिसरीत होती तवा.’

‘येतेत का कवा?’

‘न्हाई.’

मला वाटलं, झालं, आता संपलं. इथंही तेच होणार, आणि ते माझ्या हट्टापायी इतक्या बायांसमोर होणार. ताईचा चेहरा मला बघवेना.

‘मंग पोरीला वाढवली कुनी?’ अक्कानं विचारलं.

‘मी.’

‘मंग आता ओटीला त्याची वाट बगायलाव का? यायचा न्हाई तो. भात गार व्हायलाय, या.’

आधी ताई हसली. मग लेखा शाखेतली बाई हसली, आणि मग सगळी खोली. आई हसली नाही. ती आत गेली. मला वाटलं परत चुलीपाशी बसली. पण ती आपली पिशवी घेऊन आली, आणि पिशवीतून तिनं एक खण काढला, हिरवा, इरकली, घड्या मोडू नयेत म्हणून कागदात गुंडाळलेला. ताटात आमचा खण होताच. तिनं तो बाजूला ठेवला आणि आपला ताईच्या पदरात घातला. म्हणजे बाई चुलीकडे बसायला आली होती, पण खण घेऊन आली होती!

तिनं ओटी भरली, तांदूळ थोडे खाली सांडले. मग अक्कानं ताटातली कुंकवाची कोयरी उचलली आणि रांगेतल्या कुठल्याही बाईला लावावं तसं आईच्या कपाळाला बोट लावलं, आणि ‘चला, दुसरी कोन?’ म्हणून पुढं सरकली. त्यात काही विशेष केल्याचा भावच नव्हता. बाकीच्या बाया एकेक करून उठल्या. त्या दिवशी ताई आईच्या शेजारी बसून जेवली आणि गुलाबी भात दोनदा मागून घेतला.

अक्कानं जाताना भिंती पुन्हा बघितल्या आणि मला म्हणाली, ‘तुझं कवा?’

लग्न नायगावला मामाच्या अंगणात झालं. आम्ही कार्यालयातल्या चार-पाच जणी एसटीनं गेलो. दुष्काळातलं लग्न, पंगत छोटी, द्रोणात वरण मापानं. सगळं मामीच्या हातात होतं आणि मामी सगळ्यांवर ओरडत होती. अक्का तिथं नव्हती. मी सकाळपासून ताईच्या आईवर नजर ठेवून होते. ती पाण्याच्या पिंपापाशी उभी राहून पाहुण्यांना तांब्या भरून देत होती. मला वाटलं, तो रविवार आमच्यापुरताच होता. लातूरच्या त्या खोलीतलं इथं नायगावात चालणार नाही.

पाठवणीची वेळ आली. मामीनं ओटीचं ताट घेतलं आणि हाक दिली, ‘सवाष्णींनी पुढं या गं!’ बाया पुढं झाल्या. आईनं तांब्या पिंपावर ठेवला, हात कोरडे केले आणि गर्दीतून वाट काढत सरळ ताईपुढं येऊन उभी राहिली. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही.

मामीचं तोंड उघडलं. ‘वन्सं, तुमी...’

‘थांब गं जरा,’ आई म्हणाली. ‘आधी माझी.’

आणि मामीनं ताट तिच्यापुढं धरलं.